आडवाटेची गाडी खालून बघावी

एखाद्या मोकळ्या मैदानात जिप्सी न्या आणि एक पूर्ण गोल फेरी मारा. बाहेरच्या अंगाचं चाक आतल्या चाकापेक्षा साधारण 8 मीटर जास्त धावलेलं असेल. आता फेरी दुप्पट मोठी घ्या. फरक किती पडेल? 8 मीटरच. गावाला वळसा घाला, तालुक्याला घाला; जमीन सपाट असेल आणि निघालात त्याच दिशेला तोंड करून परत उभे राहिलात, तर फरक तेवढाच. फेरी केवढी होती याला महत्त्वच नाही. दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे जिप्सीत सुमारे 1.3 मीटर, आणि तुम्ही एकदा पूर्ण वळलात ही गोष्ट, एवढ्यावर सगळा हिशेब संपतो.

8 मीटर म्हणजे त्या चाकाचे जवळजवळ चार वेढे. इंजिनाकडून मागे येणारा दांडा तर एकच असतो. मग एका चाकाला चार वेढे जास्त मिळतात कुठून?

लेझमीचं पथक चौकात वळताना पाहिलंय ना? आतला गडी जागच्या जागी पाय आपटतो, कडेचा धावत सुटतो, आणि तरी रांग मोडत नाही. गाडीत ही रांग डिफरन्शियल सांभाळतं. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो आणि ज्याला मेस्त्री ‘हौजिंग’ म्हणतात, त्याच्या पोटात ते बसलेलं असतं: मूठभर दातेरी चाकं, ना वायर, ना सेन्सर. पेकर नावाच्या फ्रेंच कारागिरानं वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं ते 1820च्या दशकात. कार्ल बेंझनं मोटारीचं पेटंट घेतलं 1886 साली. म्हणजे मोटार जन्माला यायच्या निदान पन्नास वर्षं आधी तिच्या वळणाची सोय झालेली होती!

आता या नवलाईची दुसरी बाजू. समजा, ओहोटीची वेळ साधून तुम्ही खाडीवर गरवायला निघालात. गळ, दोर, आमिषाचा डबा, सगळं मागे टाकलंय. चिरेखाणीची तांबडी वाट संपते, खाजणाच्या बांधाशी गाडी उतरते आणि मागचं डावं चाक चिखलात बसतं. तुम्ही रेस देता. डावं चाक गरगरतं, चिखल उडतो. उजवं चाक मात्र खडखडीत जांभ्यावर उभं आहे, त्याला पकड आहे आणि ते तसूभरही हलत नाही.

असं का व्हावं? कारण डिफरन्शियल वेग हवा तसा वाटतं, पण जोर दोघांना सारखाच देतं. चिखलातल्या चाकाला फिरायला किंचितच जोर लागतो. तेवढाच किंचित जोर उजव्या चाकाच्या वाट्याला येतो आणि एवढ्याशा जोरावर टनभर वजनाची गाडी पुढे सरकणार कशी! डांबरी वळणावर ज्या न्यायबुद्धीमुळे गाडी अलगद वळते, तीच चिखलात तुम्हाला अडकवून ठेवते.

यातून निघालेली एक जुनी युक्ती मला फार आवडते. मागच्या चाकांवर ओढली जाणारी गाडी अशी अडकली, तर हँडब्रेक थोडासाच ओढायचा आणि हळूहळू रेस द्यायची. गाडी सुटावी म्हणून चक्क ब्रेक लावायचा! ब्रेकमुळे गरगरणाऱ्या चाकाला फिरायला जास्त जोर लागतो, म्हणून तेवढाच जास्त जोर पलीकडच्या चाकालाही मिळतो. अनेकदा एवढ्यावर गाडी निघते. नव्या गाड्यांत हेच काम संगणक करतो, गरगरणाऱ्या चाकाला तो नेमका चिमटा काढतो. तिसरा उपाय लॉकरचा. 2015च्या थारमध्ये मागच्या आसाला यांत्रिक लॉकर मिळू लागला. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की तो दोघांना आपोआप एकत्र जखडतो. जुनी थार पाहत असाल तर हा लॉकर आहे की नाही, हे आधी विचारा. रुंद टायर आणि छतावरचे दिवे नंतर कधीही बसवता येतात.

आणि ‘फोर बाय फोर’ ही अक्षरं पाहून विरघळू नका. लॉकर नसेल तर पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की चार चाकांवर चालणारी गाडीसुद्धा तिथेच बसते. माझं मत विचाराल तर खाडीकाठी, धरणावर किंवा ओढ्याच्या पुलाखाली गरवायला जाणाऱ्या बहुतेकांना दोन चाकांवर चालणारी, उंच पोटाची, मागून ओढणारी बोलेरो पुरते. जमिनीपासून 180 मिलिमीटर उंची, मागे पाटे, खाली शिडीसारखी चेसिस, आणि तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात मिळणारे सुटे भाग. जिप्सीची उंची 210 मिलिमीटर आणि वजन टनाच्या आसपास, म्हणून ती चिखलावरून हलकेच निघून जाते. पण 1985 साली आलेली ही गाडी 2019च्या सुमारास बाजारातून गेली. आज मिळते ती कुणीतरी आधी मनसोक्त वापरलेलीच.

फोर बाय फोरची खरी चैन आहे ती लो रेंज. जुन्या थारमध्ये लहान दांडा लो वर टाकला की चाकांचा वेग सुमारे अडीचपट घटतो आणि जोर तेवढाच वाढतो. दगडगोट्यांच्या उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी पायी चालणाऱ्यापेक्षाही हळू उतरते, इंजिनच तिला धरून ठेवतं.

जुन्या गाडीत नेमकं हेच तपासायचं राहून जातं, कारण अनेक मालकांनी तो दांडा वर्षानुवर्षं हलवलेलाच नसतो. तेव्हा ट्रायल मागा, पण डांबरावर नको. अशा गाड्यांत पुढचा आणि मागचा आस एकमेकांना थेट जोडला जातो आणि वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा ताण दातेरी चाकांवर आणि शाफ्टवर साठत जातो. मातीवर जा, दांडा टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरा. पुढून कटकट ऐकू आली तर किंमत बोलण्याआधी मेस्त्रीला बोलवा.

मग त्याच मेस्त्रीला दोन्ही हौजिंगचं थोडं तेल काढून दाखवायला सांगा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. एवढ्या जाड लोखंडात पाणी शिरतं कसं? हौजिंग ते स्वतःच ओढून घेतं! तासभर धावून ते तापलेलं असतं, आतली हवाही तापून फुगलेली. गाडी ओढ्यात उतरते, लोखंड एकदम गार पडतं, आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी आत खेचते. हवेची ये-जा व्हावी म्हणून वर ‘ब्रीदर’ नावाची छोटी वाट ठेवलेली असते. तिला रबरी नळी जोडून नळीचं टोक वर, बॉनेटखाली नेलेलं दिसलं तर आधीचा मालक जाणता होता असं खुशाल समजा.

इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चेसिस खाल्लेली असेल तर मात्र गाडी सोडून द्यावी, आणि चेसिस खाते ती खारी हवा. गंज कसा चालतो ते ऐकाल तर थक्क व्हाल. केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी 1920च्या दशकात लोखंडाच्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला. हवा मिळते कडेला, म्हणजे गंजायला हवी कड. झालं उलटं! जिथे प्राणवायू सर्वांत कमी पोचतो, त्या थेंबाच्या मध्याशी लोखंड झिजलं आणि तांबडा गंज मात्र त्याच्याभोवती कड्यासारखा साचला. एका थेंबाची बॅटरी झाली होती. गंज दिसतो एकीकडे आणि लोखंड खाल्लं जातं दुसरीकडे.

आता चेसिसवर थापलेल्या तांबड्या चिखलाचा विचार करा. ओल आत, मीठ आत, हवा बाहेर. चेसिसच्या पोकळ तुळयांना पाणी निथळायला खाली भोकं असतात, तीही याच चिखलानं बुजतात. वरून रंग शाबूत आणि आतून पत्रा कागदाइतका पातळ. म्हणून गाडीखाली पोतं अंथरून झोपा. पाट्यांच्या टोकांपाशी, वळलेल्या जागी, भोकांभोवती छोट्या हातोडीनं टकटक करा. निरोगी लोखंड ठणकतं, खाल्लेलं बद्द वाजतं. दाराच्या खालच्या पट्टीवर लोहचुंबक फिरवा. तो जिथे पकडत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. आणि खाली नुकताच मारलेला तुकतुकीत काळा रंग दिसला तर मी तरी आधी संशय घेईन. नंबरपाटीही बोलते. एमएच 07 म्हणजे सिंधुदुर्ग, 08 रत्नागिरी, 06 रायगड. गाडी पहिल्यांदा कुठे नोंदवली गेली ते तेवढ्यावरून कळतं, मग किती पावसाळे किनाऱ्यावर काढले ते विचारता येतं. तुम्हीही ती पुळणीवर घालू नका. मिठाचं सोडाच, वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.

टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं.

राहिली कागदं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी करून 5-5 वर्षं वाढते. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या, कर्ज असेल तर फॉर्म 35 मागा. आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, उमटलेले आकडे आरसीशी ताडून पाहा. चोरीच्या गाडीचा नंबर घासून टाकतात, पण गंमत अशी की तो पुरता जात नाही. ठोशाचा घाव बसतो तेव्हा आकड्याखालचं लोखंडही खोलवर दबलेलं असतं. वरचा आकडा कानशीनं सपाट केला तरी ते दबलेलं लोखंड आम्लाशी शेजारच्या लोखंडापेक्षा वेगळं वागतं, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पुसलेला आकडा पुन्हा डोळ्यांपुढे उमटवता येतो. तुमच्यापाशी अर्थात प्रयोगशाळा नाही. तेव्हा नंबराभोवतीचा भाग घासलेला, नव्यानं रंगवलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसला, तर एजंट किंमत कितीही खाली आणो, इसार देऊ नका.