घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, हे कोडे आपण सर्वांनी बालपणी ऐकलेले आहे. न फिरविल्यामुळे, हे त्याचे एकच उत्तर. परंतु घोडा अडण्याचे असेही एक कारण आहे की, त्या वेळी त्याला फिरविणे हाच अन्याय ठरावा. ते कारण म्हणजे खुरात झालेले गळू.

शहरवासीयांना या विषयाचे काय, असे कोणी विचारील. पण माथेरानला आपण जातोच. प्रवाशांच्या मोटारी तेथे दस्तुरी नाक्यापाशी थांबतात आणि पुढे आपल्यापैकी पुष्कळजण घोड्यावर बसतात. तेव्हा ज्याच्या पाठीवर बसावयाचे, त्याच्या पायाची थोडी माहिती असलेली बरी.

घोड्याचा खूर म्हणजे एक मोठे नखच होय. आपल्याला नखुरडे झाले म्हणजे रात्रभर डोळा लागत नाही. तरी आपले बोट सुजू शकते; खुराचे कवच मात्र तसूभरही ताणत नाही. आत पू साठला की त्याचा सारा दाब कवचाखालच्या नाजूक मांसावर येतो, आणि त्यातच घोड्याच्या शरीराचा भार! म्हणून काल धडधाकट असलेला घोडा आज सकाळी पाय टेकीनासा होतो. हाड मोडले, अशी मालकाची समजूत होते. कोणी खांद्याला तेल चोळीत बसतो. खरे दुखणे मात्र खाली खुरात असते. तो खूर हाताला गरम लागतो आणि घोट्याजवळची नाडी जोराने उडते.

जंतू आत शिरतात कसे? पावसाळ्यात चिखलपाण्याने खूर मऊ पडतो, उन्हाळ्यात त्याला भेगा जातात. तळवा आणि कवच जेथे जुळतात तेथे एक पांढरी रेघ असते. तिच्यातून बारीक खडा व घाण आत जाते. कधी खड्याने तळवा ठेचतो, कधी नालेचा खिळा मांसाच्या फार जवळ ठोकला जातो.

उपचाराचे तत्त्व साधे आहे : पुवाला वाट द्यावी. पशुवैद्य चिमट्याने खूर जागोजाग दाबून दुखरी जागा शोधतात, जरूर तर नाल काढतात आणि पुवापुरतेच लहान छिद्र पाडतात. काळपट, दुर्गंधी पू बाहेर पडताच घोड्याला बहुधा लवकर आराम वाटू लागतो. हे काम जाणत्या हाताचेच आहे. घरच्या चाकूने तळवा कोरल्यास निरोगी मांसाला इजा होते. तसेच, तळव्यात रुतलेला खिळा दिसला तर तो लगेच उपटू नये. खाली भार पडून तो आणखी आत जाणार नाही अशी काळजी घेऊन तातडीने पशुवैद्यास बोलवावे. तो किती खोल गेला आहे, हे त्यांना पाहू द्यावे.

पुढची शुश्रूषा मालकाच्या हाती असते. पशुवैद्याच्या सल्ल्याने कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय थोडा वेळ बुडवावा, पोटीस बांधावे व ते रोज बदलावे. स्राव थांबला की कोरडी पट्टी बांधून वर पाणी न शिरेल असे आवरण घालावे. जमीन कोरडी असावी. धनुर्वात घोड्याला फार लवकर जडतो. म्हणून लस दिलेली आहे की नाही, हे त्याच दिवशी पाहावे. पू वाट काढीत वर कातडीच्या कडेशी फुटला तर तेथील भेग खुराबरोबर खाली वाढत जाते. खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. ती भेग निघून जाण्यास कित्येक महिने लागतात.

खरी अडचण औषधाची नाही, रोजीची आहे. हंगामात घोडा बांधून ठेवला तर चंदीचा खर्च चालू आणि मिळकत बंद. मग वेदनाशामक देऊन त्याला रस्त्यावर आणण्याचा मोह होतो. वेदना दबते, पू मात्र आतच राहतो आणि क्वचित हाडापर्यंतही पोहोचतो. चार दिवसांची मजुरी वाचविताना घोडाच गमवावा, असा हा व्यवहार.

मालकाला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. घोडा चालताना मान खालीवर टाकीत असेल, एक पाय उचलून धरीत असेल, तर आपण त्याच्यावर बसू नये; मालकाला तसे सौजन्याने सांगावे आणि पायी निघावे. अडलेल्या घोड्याच्या कोड्याचे हे दुसरे उत्तर आहे. ते देणे आपल्याच हाती आहे.