अंगडे, टोपडे, दुपटे : बाळासाठीच्या घरगुती शिवणकामामागील विचार

सारांश : नवजात बालकासाठी घरी हाताने शिवल्या जाणाऱ्या वस्त्रांकडे सामान्यतः हौस, माया अथवा काटकसर म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील अंगडे, टोपडे, कुंची, लंगोट, दुपटे आणि गोधडी यांच्या कापडाची निवड, बेत आणि शिवण यांचा विचार केला असून, या प्रत्येक बाबीमागे बालकाच्या शरीराचे बारकाईने केलेले निरीक्षण आहे, असे प्रतिपादन केले आहे. वस्तूचा आकार टिकला आणि त्यामागील कारण विसरले गेले, तर परंपरा निरुपयोगी, प्रसंगी धोकादायकही ठरते, हा या लेखाचा मुख्य मुद्दा होय.

बीजसंज्ञा : बालवस्त्रे, गोधडी, धावदोरा, जुने कापड, स्त्रियांचे पारंपरिक ज्ञान.

प्रस्तावना

घरात बाळ येणार असे समजले की आजी अथवा मावशी ट्रंक उघडून जुनी लुगडी, धोतरे आणि साड्या निवडू लागतात, हे दृश्य एकेकाळी मराठी घरांत सर्वत्र दिसे आणि आजही ते पूर्णतः लोपलेले नाही. या शिवणकामाचे कोठे शिक्षण मिळत नसे. मापे लिहून ठेवलेली नसत. वीत, टीचभर, चार बोटे या हाताच्या मापांनी काम चाले आणि पाहून पाहून ते पुढच्या पिढीकडे जाई. लेखी नोंद नसल्यामुळे हे ज्ञान आहे याची जाणीवही समाजाला फारशी राहिली नाही. शिंपीकाम हा समाजात मान्यता पावलेला व्यवसाय ठरला. माजघरातील शिवणकामाला मात्र ‘बायकांचा फावल्या वेळचा उद्योग’ एवढेच स्थान मिळाले. म्हणूनच या कामातील तर्क उलगडून पाहणे आवश्यक ठरते.

१. जुन्या कापडाची निवड

बाळाला पहिले वस्त्र जुन्या कापडाचे घालावे, नवे कपडे पाचवी अथवा बारशानंतर, असा संकेत अनेक घरांत पाळला जातो. दीर्घायुषी आजी-आजोबांच्या वस्त्रातून त्यांचे आयुष्य बाळाला लाभते, अशी श्रद्धा त्यामागे सांगितली जाते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी या संकेताला भक्कम व्यावहारिक आधार आहे.

नव्या सुती कापडाला खळ असते. शिवाय सुरकुत्या पडू नयेत यासाठी काही कापडांवर फॉर्मल्डिहाइडयुक्त रेझिनची प्रक्रिया केलेली असते. नवजात बालकाच्या त्वचेचा बाह्य थर प्रौढांच्या तुलनेने पातळ असतो. त्यामुळे खरखरीतपणा आणि रासायनिक अंश या दोहोंचा त्रास त्याला लवकर होतो. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्यातील खळ निघून गेलेली असते, सुटणारा रंग सुटून गेलेला असतो आणि धागे मऊसूत झालेले असतात. कापड किती वेळा धुतले गेले, हीच येथे गुणवत्तेची कसोटी आहे.

दुसरा मुद्दा तंतूचा. प्रमाणित हवामानात सुती तंतू आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के आर्द्रता धारण करतो. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण अवघे ०.४ टक्के असते. पॉलिएस्टरचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये लागला आणि पुढील काही दशकांत या तंतूच्या साड्या आपल्या घरोघरी पोहोचल्या. परिणामी आजच्या ‘जुन्या साडी’चा अर्थ बदलला आहे. आजीची जुनी साडी सुती होती. आईची जुनी साडी बहुधा कृत्रिम तंतूची असते. ती मऊ लागते, परंतु घाम अथवा ओल शोषून घेत नाही आणि आगीजवळ वितळून त्वचेला चिकटते. ‘जुने कापड घ्यावे’ एवढाच नियम लक्षात ठेवून ‘सुती’ ही त्यातील अध्याहृत अट विसरणे योग्य नव्हे.

२. अंगड्याचा बेत

पूर्ण दिवसांच्या नवजात बालकाची लांबी साधारणतः ५० सेंटिमीटर असते. त्याच्या डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंटिमीटर, तर छातीचा घेर त्याहून सुमारे २ सेंटिमीटर कमी असतो. वर्षभराच्या सुमारास हे दोन्ही घेर जवळजवळ समान होतात. प्रौढांचा सदरा लहान मापात शिवून बाळाला चालत नाही, याचे कारण येथे आहे. छातीला बसेल असा गळा डोक्यातून जात नाही आणि मान अद्याप न सावरणाऱ्या बाळाच्या डोक्यातून काही ओढून घालणे इष्टही नसते.

पारंपरिक अंगडे अथवा झबले या अडचणीचे सरळ उत्तर देते. कापडाची चौपदरी घडी करून अंगाचा भाग आणि बाह्या एकसंध कापल्या जातात, त्यामुळे खांद्यावर शिवण येत नाही. एक बाजू पूर्ण उघडी ठेवून तिला बंद लावतात. काही घरांत उघडी बाजू पाठीवर येते, काही घरांत पुढे. बाळाला निजवून, अंगडे पसरून, एकेक हात बाहीत सरकवता येतो. बंद सैल-घट्ट करता येत असल्याने तेच अंगडे बाळ वाढले तरी काही आठवडे पुरते. बाही रुंद असते, कारण बाळ हात स्वतः घालत नाही. मोठ्यांची बोटे बाहीतून आत जाऊन त्याचा हात बाहेर आणतात.

शिवणीचा विचारही असाच सूक्ष्म आहे. कापडाच्या कडा दुमडून तुरपाई करतात, जेणेकरून सुटलेला दोरा बाळाच्या बोटांभोवती गुंडाळला जाणार नाही. काही जाणत्या स्त्रिया पहिल्या महिन्याच्या अंगड्याची शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवतात. पाहणाऱ्याला ते अंगडे उलटे घातल्यासारखे वाटते. बाळाच्या अंगाला मात्र गुळगुळीत बाजू लागते. त्रिकोणी घडीचा लंगोट नाळेच्या खाली बांधला जातो. नाळ साधारणतः एक ते दोन आठवड्यांत गळून पडते. तोपर्यंत तेथे इलॅस्टिकचा काच नसणे आणि ती जागा कोरडी राहणे हितावह असते.

३. टोपडे आणि कुंची

नवजात बालकाच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी सुमारे पाचवा भाग डोक्याचा असतो. प्रौढांमध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांच्या जवळपास असते. साहजिकच डोक्यावाटे होणारा उष्णतेचा ऱ्हास बाळाच्या बाबतीत मोठा असतो. वजन २.५ किलोग्रॅमपेक्षा कमी असल्यास ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील प्रसूतीपश्चात काळजीविषयक शिफारशींनुसार, भोवतालच्या तापमानाचा विचार करून बाळाला प्रौढांपेक्षा एक ते दोन थर अधिक वस्त्र घालावे आणि टोपी वापरावी.

कुंची हा टोपड्याचाच विस्तार होय. डोक्यावर टोपीसारखी बसणारी आणि मागे पाठीवर झुलणारी कुंची डोके, कान, मान आणि पाठ एकाच वस्त्राने झाकते. खणाच्या कापडाची, जरीचा गोट लावलेली कुंची बारशाला शोभून दिसते. हा खण मुख्यत्वे आजच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे विणला जातो. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाचे काळे झबले हेही याच मालिकेतील. हलव्याच्या दागिन्यांसह ते मिरवले जाते. तथापि थंडीत काळा रंग ऊन अधिक शोषतो, हा साधा अनुभवही त्यात सामावलेला आहे.

४. दुपटे आणि गोधडी

दुपटे म्हणजे दोन पदरांचे वस्त्र. बाळाला गुंडाळणे, पुसणे, मांडीवर घेताना खाली अंथरणे अशी त्याची अनेक कामे. गोधडी अथवा पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील वाकळ ही अधिक थरांची असते. नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांबीचे. त्याचा मधला भाग आधी विरतो, काठाकडील भाग टिकतो. विरलेला भाग काढून दंड घातला जातो. तोही विरला की टिकलेले तुकडे गोधडीत जातात. म्हणजेच गोधडी ही कापडाच्या आयुष्यातील अखेरची नव्हे, तर पूर्वनियोजित अवस्था असते.

बाळाच्या गोधडीसाठी साधारणतः ७५ सेंटिमीटर रुंद आणि १ मीटर लांब एवढे माप पुरते. कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. तीन किंवा चार थर जमिनीवर पसरून, सुरकुती राहू न देता लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावेत. सर्वांत मऊ थर अंगाला लागणाऱ्या बाजूस ठेवावा. त्यानंतर कडेपासून आरंभ करून, बोटभर अंतराने धावदोरा घालीत मध्याकडे जावे. टाके फार ताणू नयेत. ताणल्यास थर एकमेकांवर दाबले जातात. ऊब कापडापेक्षाही थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे मिळते, आणि ती हवा टिकवणे हेच धावदोऱ्याचे काम आहे. थर सरकू नयेत इतके जवळ, परंतु हवा कोंडून राहील इतके सैल, असा तोल हाताला सरावानेच साधतो.

गोधडीत कापूस भरलेला नसतो, ही बाब विशेष लक्षणीय आहे. दुलई धुतली की कापसाचे गोळे होतात आणि ती वाळण्यास वेळ लागतो. दिवसातून अनेकदा ओली होणारी बाळाची अंथरूण-वस्तू मात्र रोज धुता आली पाहिजे आणि संध्याकाळपर्यंत वाळली पाहिजे. सपाट थरांची गोधडी ही अट पूर्ण करते.

जुन्या वस्त्राच्या थरांतून बाळासाठी अंथरूण-पांघरूण करण्याची ही रीत महाराष्ट्रापुरती मर्यादित नाही. बंगालमधील कांथा हा शब्द संस्कृतातील ‘कंथा’ या शब्दाशी नाते सांगतो. बिहारमधील सुजनी जुन्या साड्यांपासून नवजात बालकाला गुंडाळण्यासाठी केली जात असे. २००६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन लाभले आणि आज ती मुख्यतः भरतकामाची कला म्हणून ओळखली जाते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजातील स्त्रिया कवंदी शिवताना कडेकडून मध्याकडे येतात आणि कोपऱ्यांवर ‘फूल’ म्हणून लहान त्रिकोणी घड्या लावतात. प्रदेश, भाषा आणि समाज वेगळे असूनही गरज एकच असल्याने उत्तरांत साम्य आढळते.

५. भेट म्हणून शिवलेले वस्त्र

बारशाला अंगडे-टोपडे नेण्याची रीत ही केवळ देवघेव नव्हती. नातलग व शेजारणींच्या साड्यांचे तुकडे गोधडीत येत आणि बाळाच्या अंथरुणात अनेक घरांचा वाटा असे. बाळंतिणीला विश्रांतीच्या काळात शिवत बसावे लागू नये, हाही त्यामागील हेतू होता. येथे एक गोष्ट नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. गोधडी ही दारिद्र्याचीही खूण होती, आणि तिच्यातील श्रमांना मोल नव्हते. ज्या घरात पांघरूण विकत घेणे शक्य नव्हते, तेथील स्त्रीला या कामात निवड नव्हती. आज शहरी दुकानांत गोधडी चांगल्या किमतीला विकली जाते. शिवणाऱ्या हातांना त्यातील किती वाटा मिळतो, हा प्रश्न गोधडीच्या कौतुकाबरोबरच विचारला गेला पाहिजे.

६. आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात घ्यावयाची दक्षता

परंपरेचा आदर म्हणजे तिचे जसेच्या तसे अनुकरण नव्हे. पुढील बाबी बाळासाठी शिवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्याव्यात.

(अ) डांबरगोळ्या : ट्रंकेतील जुन्या कापडांत अनेकदा नॅफ्थलीनच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांत नॅफ्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. तेल लावलेल्या त्वचेतून ते अधिक शोषले जाण्याची शक्यता असल्याने, मालिश करण्याची प्रथा असलेल्या आपल्या घरांत हा धोका दुर्लक्षण्याजोगा नाही. असे कापड बाळासाठी वापरूच नये.

(आ) झोपेतील पांघरूण : अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळाला पाठीवर, घट्ट व सपाट पृष्ठभागावर निजवावे, जवळ सैल पांघरूण, उशी अथवा मऊ वस्तू ठेवू नये. गोधडी बाळ जागे असताना खेळण्यासाठी, मांडीवर अथवा देखरेखीखाली वापरावी. घरात उबदार हवा असताना झोपलेल्या बाळाचे टोपडे काढून ठेवावे.

(इ) गुंडाळणे : दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट बांधल्यास खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका वाढतो. पाय दुमडता व हलवता येतील इतकी मोकळीक असावी.

(ई) बंद आणि सजावट : युरोपातील ईएन १४६८२ हे मानक सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत गळ्याशी व टोपीला नाड्या ठेवण्यास मनाई करते. कुंचीचा लांब बंद, घुंगरू, मणी, आरसे ही सजावट समारंभापुरती, कोणी जवळ असतानाच वापरावी. गळ्याशी बंदाऐवजी बाजूला आखूड बंद किंवा पक्के शिवलेले टिचबटण लावता येते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, बाळाच्या वस्त्राचा गळा, बाही, शिवण, थर आणि टाका यांतील प्रत्येक निर्णयामागे कारण होते. ते लिहिले गेले नाही, कारण ते ज्यांच्या हातात होते त्यांच्या हाती लेखणी क्वचितच आली. आज झबले यंत्रावर शिवले जाते, गोधडी नव्या कापडाची होते. त्यात गैर काही नाही. परंतु कारण विसरून केवळ रूप जपले, तर जाळीदार कृत्रिम कापडाची कुंचीही ‘पारंपरिक’ म्हणून बाळाच्या डोक्यावर येते आणि डांबरगोळ्यांचा वास असलेली साडीही मायेची ऊब म्हणून त्याच्याखाली अंथरली जाते. गृहविज्ञान, वस्त्रशास्त्र, बालरोगशास्त्र आणि लोकसंस्कृती या शाखांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील वृद्ध स्त्रियांकडून केवळ टाक्यांचे नमुने गोळा न करता ‘हे असेच का?’ हा प्रश्नही विचारावा. त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणाऱ्या स्त्रिया आपल्यात आहेत, तोवरच ही नोंद होणे शक्य आहे.