नन निवृत्त झाली तर तिचा सत्कार कसा करायचा? शंभर वर्षं ननच्या हातात असलेल्या हॉस्पिटलची गोष्ट

आपल्याकडे माणूस रिटायर झाला की ठरलेला कार्यक्रम असतो. शाल, श्रीफळ, हार, दोन-चार भाषणं आणि शेवटी पाकीट किंवा घड्याळ. पण रिटायर होणारी व्यक्ती कॅथलिक नन असेल तर?

नन होताना तीन व्रतं घ्यावी लागतात. गरिबीचं, ब्रह्मचर्याचं आणि आज्ञापालनाचं. गरिबीचं व्रत म्हणजे स्वतःच्या नावावर काही ठेवायचं नाही. ननने मोठ्या हॉस्पिटलचा कारभार सांभाळला, तरी तिच्या कामाचा पैसा तिच्या खिशात येत नाही, तो तिच्या संस्थेकडे जातो. अशा बाईला द्यायचं तरी काय?

याचं उत्तर अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात सापडतं. मिनेसोटा राज्यातलं हे शहर जगभर माहीत आहे ते मेयो क्लिनिकमुळे. पण या मेयोच्या मुळाशी ननचं एक हॉस्पिटल आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. त्याचं नाव सेंट मेरीज. आणि ते सांभाळणारी शेवटची नन म्हणजे सिस्टर जेनेरोस जर्वेस.

सुरुवात झाली एका वादळाने

२१ ऑगस्ट १८८३ ला रोचेस्टरवर टॉर्नेडो आला. शहराचा उत्तरेकडचा भाग उद्ध्वस्त झाला. तीसहून जास्त माणसं गेली आणि जखमींचा आकडा त्याहून कितीतरी मोठा होता. गावात धड हॉस्पिटल नव्हतं. मिळेल त्या जागेत पेशंट ठेवले गेले. त्यांच्यावर उपचार करायची जबाबदारी डॉ. विल्यम वॉरेल मेयो यांच्यावर आली. शुश्रूषा करायला माणसं कमी पडत होती, म्हणून त्यांनी गावातल्या फ्रान्सिस्कन नन्सना बोलावलं.

गंमत म्हणजे या नन्स नर्स नव्हत्याच, त्या शाळेत शिकवणाऱ्या बाया होत्या. तरीही त्या आल्या.

वादळ ओसरल्यावर त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड मोज यांनी डॉक्टरांपुढे प्रस्ताव ठेवला. हॉस्पिटल आम्ही बांधतो, तुम्ही ते चालवायला या. डॉ. मेयो तयार नव्हते. गाव लहान आहे, खर्च मोठा आहे, हे चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मदर आल्फ्रेड मागे हटल्या नाहीत. नन्सनी काही वर्षं काटकसर करून पैसे जमवले आणि १८८९ मध्ये २७ खाटांचं सेंट मेरीज उघडलं. तेव्हा डॉ. मेयो सत्तरीत होते आणि सोबत विल्यम आणि चार्ल्स ही त्यांची डॉक्टर मुलं होती.

हॉस्पिटल नन्सच्या मालकीचं, डॉक्टर मेयोंचे. दोघांचं नातं वर्षानुवर्षं कागदापेक्षा एकमेकांवरच्या विश्वासावर चाललं.

एका ननचं नाव थेट मेडिकलच्या पुस्तकात

१८९२ मध्ये सिस्टर मेरी जोसेफ हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिल्या. म्हणजे तब्बल ४७ वर्षं. यातली बरीच वर्षं त्या ऑपरेशनच्या टेबलवर डॉ. विल्यम मेयो यांच्या पहिल्या असिस्टंटही होत्या.

पेशंटला ऑपरेशनसाठी तयार करताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पोटात कॅन्सर पसरलेल्या काही पेशंटच्या बेंबीत कडक गाठ लागते. हे त्यांनी डॉक्टरांच्या नजरेस आणून दिलं. आज भारतातले मेडिकलचे विद्यार्थीही ही खूण ‘सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल’ याच नावाने शिकतात.

त्यांच्यानंतरही हॉस्पिटलची सूत्रं एका ननकडून दुसऱ्या ननकडे जात राहिली. १९७१ मध्ये ती सिस्टर जेनेरोस यांच्याकडे आली.

मुरंबा करणारी प्रशासक

सिस्टर जेनेरोस यांचा जन्म १९१९ चा, मिनेसोटातल्या शेतकरी घरातला. त्यांनी आहारशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि पुढे हॉस्पिटल व्यवस्थापनाची पदवी मिळवली. त्या प्रमुख झाल्या तेव्हा २७ खाटांचं ते हॉस्पिटल देशातल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलमध्ये मोजलं जात होतं.

पैशाच्या बाबतीत त्यांचा हिशोब सरळ होता. हॉस्पिटल तोट्यात गेलं तर गरिबाची सेवा कुठून करणार? म्हणून उधळपट्टी त्यांना अजिबात चालायची नाही. पण बिल भरता येत नाही म्हणून पेशंटची फरफट व्हावी, हेही त्यांना मान्य नव्हतं. १९८३ मध्ये त्यांनी पोव्हरेलो फाउंडेशन उभं केलं. पोव्हरेलो म्हणजे इटालियन भाषेत ‘छोटा गरीब माणूस’. संत फ्रान्सिस यांना लोक याच नावाने ओळखायचे. ज्यांना उपचाराचा खर्च झेपत नाही, अशा पेशंटना हा निधी मदत करतो.

या निधीसाठी मोठे देणगीदार तर शोधले गेलेच, पण सिस्टर स्वतः जॅम, मुरंबे आणि लोणची करून बरण्या भरायच्या आणि त्यांची विक्री व्हायची. निवृत्तीनंतरही त्यांनी हे काम वर्षानुवर्षं सुरू ठेवलं.

त्या शेवटच्या का ठरल्या?

१९८५ मध्ये त्या पदावरून उतरल्या. त्यांच्यानंतर ही खुर्ची पुन्हा ननकडे गेली नाही. आणि हे फक्त रोचेस्टरमध्ये घडलं नाही.

अमेरिकेतल्या कॅथलिक हेल्थ असोसिएशनचे आकडे बघा. १९६८ मध्ये देशातल्या ७९६ कॅथलिक हॉस्पिटलपैकी ७७० चे प्रमुख नन किंवा धर्मगुरू होते. २०११ मध्ये ६३६ पैकी फक्त ८.

कारण एक, नन्सच कमी झाल्या. १९६५ च्या आसपास अमेरिकेत सुमारे १ लाख ८० हजार नन्स होत्या. आज त्या ४० हजारांच्याही आत आहेत आणि त्यातल्या बहुतेक वयस्कर. पूर्वी शिकायचं, संस्था चालवायची, मोठे निर्णय घ्यायचे, तर कॅथलिक मुलीसाठी नन होणं हा मोजक्या वाटांपैकी एक होता. नंतर इतर दारंही उघडली.

कारण दोन, हॉस्पिटलचं रूपच बदललं. १९६५ मध्ये मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली. विमा, नियम, महागडी यंत्रं आणि कर्जं यामुळे हॉस्पिटल चालवणं हा मोठा व्यवसाय झाला आणि व्यावसायिक मॅनेजर आले.

मग नन्सनी काय केलं?

प्रश्न असा होता की नन्स गेल्या तर भिंती राहतील, पण ज्या विचाराने त्या उभ्या राहिल्या त्याचं काय? १९८६ मध्ये मेयो क्लिनिक, सेंट मेरीज आणि रोचेस्टर मेथडिस्ट ही दोन हॉस्पिटलं एकाच संस्थेत आली. तेव्हा नन्सनी एक गोष्ट सांभाळली. मूल्यांवर लक्ष ठेवणारं मंडळ तयार झालं आणि त्यात नन्ससोबत डॉक्टर आणि प्रशासकही बसले. थोडक्यात, आतापर्यंत नन्स स्वतः वागून दाखवायच्या, ती जबाबदारी आता सगळ्यांची झाली.

आणि सत्कार?

सेंट मेरीजच्या आवारात मानसिक आजारांवर उपचार होतात त्या इमारतीला आज ‘जेनेरोस’ नाव आहे. समाज ज्यांच्यापासून तोंड फिरवतो, अशा पेशंटच्या इमारतीला हे नाव आहे. सिस्टर २०१६ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी गेल्या. पोव्हरेलोचा निधी त्यांच्यामागेही राहिला.

आपल्यासाठी ही गोष्ट तशी लांबची नाही. मुंबईत वांद्र्याचं होली फॅमिली आणि अंधेरीचं होली स्पिरिट ही हॉस्पिटलं नन्सनीच वाढवली. आणि आपण वॉर्डात कुठल्याही धर्माच्या नर्सला ‘सिस्टर’ अशी हाक मारतो, ती हाकसुद्धा एकेकाळी पेशंटची सेवा करणाऱ्या या नन्सकडूनच आली आहे.

जिला स्वतःसाठी काही नको, तिचा सत्कार शालीने होत नाही. बिल भरता न येणारा पेशंट ती गेल्यावरही उपचार घेऊन घरी जातोय का, एवढंच बघायचं. तो जात असेल तर सत्कार झाला.