जम्बोच्या पंखातलं ग्रीस

गगनबावड्याच्या पावसात लोखंडाचा टिकाव लागत नाही. करूळ आणि भुईबावडा घाटांतून वर आलेले ढग थेट घरात शिरतात, आणि आषाढ संपायच्या आत कडीकोयंड्यांवर गंज धरतो. याच तालुक्यातल्या एका वाडीत मी ज्यांना भेटायला गेलो, त्यांची सगळी नोकरी गंजाशी झुंजण्यात गेली; मात्र ती मुंबईत, सांताक्रूझच्या हँगरमध्ये, एअर इंडियाच्या बोइंग 747 विमानांवर. नाव छापू नका म्हणाले, म्हणून वाडीतले सगळे म्हणतात तसं मीही त्यांना काकाच म्हणतो.

22 एप्रिल 2024 रोजी एअर इंडियाच्या शेवटच्या जम्बोंपैकी ‘आग्रा’ या विमानानं मुंबई सोडली आणि पंख डावी-उजवीकडे झुकवून निरोप घेतला. ते अमेरिकेत गेलं, ते परत न येण्यासाठी. त्यानंतर वैमानिकांच्या, हवाई सुंदरींच्या आठवणी भरपूर छापून आल्या. संपादकांना हवा होता तो ज्याच्या हाताला ग्रीस लागलं असा माणूस.

इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पहिलं जम्बो, ‘एम्परर अशोक’, 1971 मध्ये आलं. खिडक्यांभोवती रंगवलेल्या लाल झरोक्यांमुळे ते आकाशातला राजवाडाच दिसे. 1 जानेवारी 1978 च्या रात्री उड्डाणानंतर काही क्षणांतच ते वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. 213 माणसं गेली. 1985 मध्ये ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटात गेलं. कनिष्कचं नाव निघालं तेव्हा काकांनी विषय पुढे नेला नाही, आणि मीही नेला नाही.

काका कोल्हापूरला आयटीआय करून मुंबईला गेले आणि बरीच वर्षं त्यांच्याकडे फ्लॅपचं काम राहिलं. पंखाच्या मागच्या कडेला जे पत्रे उतरताना खाली सरकतात, ते फ्लॅप. बहुतेक विमानांत ते साधे असतात. जुन्या जम्बोचा प्रत्येक फ्लॅप मात्र तीन तुकड्यांचा. पूर्ण उघडला की हे तुकडे कौलांसारखे एकामागे एक उतरत जातात आणि मधल्या फटींतून हवा वाहते. पंखामागे बसलेल्या प्रवाशाला त्या फटींतून खालची जमीन दिसे. पावणेचारशे टनांपर्यंत वजन घेऊन उडणाऱ्या यंत्राला धावपट्टीवर बेतानं टेकता यावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

हे तुकडे हलवतो जॅकस्क्रू, म्हणजे लांब आट्यांचा दांडा. हायड्रॉलिक मोटर पंखातल्या नळ्या फिरवते, नळ्या दांडे फिरवतात, फ्लॅप पुढेमागे होतात. डाव्या आणि उजव्या फ्लॅपमध्ये ठरावीक मर्यादेपलीकडे फरक पडला, तर यंत्रणा स्वतःला थांबवते. एका बाजूचा फ्लॅप उघडा आणि दुसऱ्या बाजूचा मिटलेला राहिला तर विमान कलंडेल. हे सांगताना काकांचा आवाज चढतो. यंत्रानं हट्टानं थांबणं त्यांना फार आवडायचं. अशा वेळी खोळंबलेल्या उड्डाणासाठी सगळे घाईला येत, पण फरक का पडला हे सापडेपर्यंत त्यांच्या गटातलं कुणी शिडीवरून उतरत नसे.

काम काय, तर ग्रीस गननं दांड्याला ग्रीस भरायचं आणि जुनं बाहेर पडू द्यायचं. पण ते बाहेर पडलेलं ग्रीस बोटावर घेऊन बघायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. चिमटीत कण चमकले तर धातू झिजतोय. मग नट हातानं हलवून किती खेळ आहे ते अजमावायचं. गेजनं मोजणं नंतरचं; आधी हाताला कळायचं. काका हे नुसते हात हवेत फिरवून दाखवत होते, आणि मला दांड्याची जाडीसुद्धा दिसत होती.

गंज मात्र गावाकडच्यासारखा लाल नव्हे. ॲल्युमिनियमचा गंज पांढरा, पिठासारखा. तो धरतो विमानाच्या पोटात, शौचालयं आणि पॅन्ट्रीच्या फरशीखाली, जिथे सांडलेला चहा, रस, पाणी झिरपत राहतं. वर मुंबईची खारी हवा. पत्र्याचे थर फुगून सुटायला लागले की रिव्हेट वर येतात. त्यावरून हात फिरवला की कळतं.

‘शिवाजी’ नावाचं एक जम्बोही होतं, 1988 मध्ये आलेलं. पुढे प्रवासी आणि मागे त्याच मजल्यावर माल, अशी त्याची रचना. त्या विमानावर काकांचा जीव जडलेला. बाकीची विमानं दूरच्या मुलखांतल्या सम्राटांची नावं घेऊन फिरायची. आपल्या घाटावरच्या माणसाला हे एक घरचं वाटे. ‘शिवाजी’ही आज नाही.

इथून पुढे माझं काम अवघड झालं. हे सगळं नोंदवायचं तर बोट दाखवायला यंत्र हवं, आणि मुंबईत एकही जम्बो जपलेलं नाही. जर्मनीत श्पायरला लुफ्तान्साचं जुनं 747 खांबांवर उभं आहे, सिॲटलला पहिलं विमान ठेवलंय, जोहान्सबर्गजवळ रँड विमानतळावरही जम्बो आहे. देखभालीच्या पुस्तिकेत किती दिवसांनी ग्रीस भरायचं ते असतं, दुधाळ ग्रीस बोटाला कसं लागतं ते नसतं. आता नवं जम्बो बनणारही नाही. 1,574 वं आणि शेवटचं विमान 31 जानेवारी 2023 रोजी कारखान्यानं सुपूर्द केलं. बोइंगच्याच नव्या 787 विमानाचं अंग बरंचसं कार्बन तंतूंचं, त्यावर पांढरा गंज धरत नाही. म्हणजे हे कसब इथेच नव्हे, सगळीकडेच मागे पडतंय.

शिवाय 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, देखभालीची कंपनी सरकारकडेच राहिली. विमानांची नोंद एकीकडे, ती सांभाळणारे हात दुसरीकडे. मला ही फाटाफूट काळजीची वाटते, कारण 1971 मध्ये विशी-पंचविशीत असलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. चाकरमानी निवृत्त होऊन कोकणात आणि घाटावर पांगले. जुने फोन लागत नाहीत.

काकांनी वहीत नावं उतरवून दिली: इंजिनवाले, रेडिओवाले, चाकं-ब्रेकवाले, आसनं शिवणारे. सगळ्यात जवळचे आजऱ्याला राहतात. त्यांचं बोलणं व्हिडिओवर घ्यायचं, आणि भंगार बाजारात जॅकस्क्रूचा एखादा तुकडा मिळतो का तेही पाहायचं, असं ठरलंय. पाऊस उघडला की आधी आजऱ्याला जायचं. काका बरोबर येणार आहेत.