सर्वांनी मिळून घड्याळ बदलताना

१९ जानेवारी २०३८ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले, की जुन्या ३२-बिट संगणकांच्या घड्याळात पुढच्या सेकंदाला जागा उरणार नाही. युनिक्सच्या घराण्यात वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत, आणि ३२ बिटांच्या खणात मावतात २,१४,७४,८३,६४७ सेकंद. त्यानंतर तारीख उलटून १९०१वर जाते. उपाय माहीत आहे: खण ६४ बिटांचा करायचा. खरी परीक्षा तो सगळ्यांनी एकदम करण्याची आहे.

ओपनबीएसडीने हे काम २०१४ साली ५.५ आवृत्तीत उरकले. तिथे कर्नल आणि मूळ प्रणाली एकाच घरात नांदतात, त्यामुळे ठरले आणि झाले. डेबियनचा संसार निराळा. इयन मरडॉक यांनी १९९३मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात हजारो पॅकेजेस आहेत, ती सांभाळणारे स्वयंसेवक जगभर पसरलेले आहेत आणि कुणी कुणाचा साहेब नाही.

धोका कुठे होता पाहा. लायब्ररी नव्या मापाने वेळ देते आणि प्रोग्राम जुन्याच मापाने घेतो, तेव्हा चूक झाल्याचे कुणीच सांगत नाही. आकडे निमूट बिघडतात, कधी शेजारची मेमरीही खराब होते. म्हणून डेबियनकरांनी लायब्ररींच्या पॅकेजेसची नावेच बदलली. ‘लिबएसएसएल३’चे ‘लिबएसएसएल३टी६४’ झाले. आता जुन्या नावावर विसंबलेल्या प्रोग्रामला ३२-बिट यंत्रावर नवी लायब्ररी मिळतच नाही. तो पुन्हा कंपाइल करावाच लागतो. ज्या ६४-बिट यंत्रांना या दुरुस्तीची गरज नव्हती, त्यांच्याही पॅकेजेसना हे शेपूट लागले. मला ते रास्त वाटते. नावे दोन ठेवली असती, तर प्रत्येक सांभाळकर्त्याच्या माथी दुहेरी हिशेब आला असता.

फेब्रुवारी २०२४च्या अखेरीस ही पॅकेजेस डेबियनच्या ‘अनस्टेबल’ या घडत्या शाखेत उतरू लागली. दुसऱ्याच्या पॅकेजला हात लावणे डेबियनमध्ये नाजूक काम. त्याला एनएमयू म्हणतात आणि ते सांगूनसवरून करायचे असते. इथे ते घाऊक प्रमाणात करावे लागले. पुढचे कित्येक आठवडे, विशेषतः एआरएमच्या ३२-बिट यंत्रांवर, एक पॅकेज बसवावे तर दुसरे अडावे, अशी गत होती.

जुन्या ३२-बिट पीसींसाठीच्या आय३८६ आवृत्तीला मात्र जाणूनबुजून वगळले. ती आवृत्ती आज मुख्यतः जुने, सोर्स कोड हाती नसलेले प्रोग्राम चालवण्यासाठी उरली आहे, आणि ते प्रोग्राम पुन्हा कंपाइल कोण करणार? माप बदलले असते तर ती ठेवण्याचे कारणच संपले असते. या साऱ्या खटाटोपातला सर्वांत शहाणा निर्णय मी यालाच म्हणेन.

हे स्थित्यंतर नेटाने पुढे नेणाऱ्यांत स्टीव्ह लँगासेक आघाडीवर होते. २०२५ साल उजाडतानाच ते गेले. ६४-बिट घड्याळाची ‘ट्रिक्सी’, म्हणजे डेबियन १३, त्याच वर्षी ९ ऑगस्टला प्रसिद्ध झाली.