सरणाचे पैसे कुठून आणायचे?

घरात मयत असताना उसनवारीला निघण्याआधी, गेलेल्या माणसाचं ईएसआय कार्ड होतं का ते बघा. विमाधारक कामगाराच्या अंत्यविधीचा प्रत्यक्ष खर्च कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं, जास्तीत जास्त १५,००० रुपये (२०१९ पूर्वी १०,०००). जवळचं कुणी नसेल, तर खर्च करणाऱ्या शेजाऱ्यालाही ते मिळू शकतात. दाव्याची मुदत तीन महिने. दहाव्या-तेराव्याच्या धावपळीत ती हमखास निसटते. लाकडांच्या, शववाहिनीच्या पावत्या जपा. भटजी काही पावती देत नाहीत!

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. पण ही सगळी रक्कम मागाहून येते आणि सरण आजच रचायचं असतं. मुंबईत पालिकेच्या स्मशानभूमीत दहनाची लाकडं मोफत मिळतात. आधी तिथं विचारा.