मेसच्या वाटेवरची तीन झाडं

हॉस्टेलच्या गेटातून मेसकडे चालत जाताना आपण काय बघतो? बहुतेक जण मोबाइल, आणि मेस जवळ आली की फळ्यावर आज भाजी कुठली लिहिली आहे ते. त्याच वाटेवर उजव्या हाताला कण्हेरीचं कुंपण आहे. मेसच्या पायरीशी सदाफुलीचे वाफे आहेत. आणि वर्कशॉपमागे जिथे जुनं लेथ गंजत पडलंय, तिथे पावसाळ्यात कुणी न लावता धोतरा उगवतो. आम्हा केमिकलवाल्यांना रिॲक्टर, डिस्टिलेशन, हीट एक्स्चेंजर सगळं शिकवतात. पण या तीन झाडांत साध्या तापमानाला, साध्या दाबाला जे रेणू तयार होतात, ते बनवताना भल्याभल्या कारखान्यांना घाम फुटतो.

झाडाला पळता येत नाही. शेळी आली, अळी आली, तरी ते जागेवरच. म्हणून खाणाऱ्याच्या शरीरात जिथे नेमकं दुखेल, तिथे जाऊन बसणारे रेणू झाडं बनवतात. आणि जो रेणू शरीरातल्या एका ठरावीक जागी जाऊन बसतो, तोच मोजून दिला तर औषध होऊ शकतो.

कण्हेरीपासून सुरुवात करू. हायवेच्या दुभाजकावर ती का लावतात? पाणी कमी लागतं, फुलं भरपूर येतात आणि गुरं तोंड लावत नाहीत. तोंड न लावण्याचं कारण ओलिअँड्रिन. हा 'कार्डिअॅक ग्लायकोसाइड' गटातला पदार्थ, म्हणजे हृदयावर काम करणारा रेणू. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक पंप असतो. तो ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. (१९५७ साली येन्स स्को या डॅनिश शास्त्रज्ञाने तो शोधला आणि त्याला नोबेल मिळालं १९९७ साली! रिझल्ट उशिरा लागतो म्हणून ओरडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) ओलिअँड्रिन हा पंप अडवतं. पेशीत सोडियम साठतं, त्यामागोमाग कॅल्शियम वाढतं आणि हृदयाचा स्नायू जास्त जोराने आकुंचन पावतो. थकलेल्या हृदयाला हे थोडंसं हवंच असतं. पण जास्त झालं की ठोक्यांचा ताल बिघडतो, आणि बिघडलेला ताल माणूस घेऊन जातो.

याच पंपावर काम करणारं औषध डॉक्टर रोज वापरतात. त्याचं नाव डिगॉक्सिन. ते कण्हेरीतून नाही, तर युरोपातल्या डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडातून येतं. इंग्लंडच्या विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ साली त्या झाडावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. आता आकडे बघा. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाच्या रक्तात हे औषध मिलिलिटरमागे साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम असावं लागतं, आणि २ च्या वर गेलं की विषबाधेची भीती. आपल्या डिझाइनच्या भाषेत फॅक्टर ऑफ सेफ्टी जेमतेम दोन-तीन. एवढ्यावर आपण पूल सोडा, स्टूलसुद्धा पास करणार नाही. गोळीवर मायक्रोग्रॅम छापलेले असतात. पानावर काहीच छापलेलं नसतं, आणि एका झाडाचं पान दुसऱ्यासारखं नसतं. सगळा फरक इथे आहे.

मे २०२४ मध्ये केरळात एका तरुणीचा मृत्यू कण्हेरीची पानं-फुलं चघळल्याने झाला असावा, असा संशय आला. त्यानंतर त्रावणकोर आणि मलबार देवस्वम बोर्डांनी देवळांतल्या नैवेद्यात आणि प्रसादात हे फूल वापरणं बंद केलं. देवाला वाहायला हरकत नाही, पण तीर्थात टाकू नये. पिवळी कण्हेर, म्हणजे जिच्या बियांना आपण बिट्ट्या म्हणतो आणि लहानपणी खेळतो, तीही याच जातकुळीतली.

आता सदाफुली. मागच्या सेमिस्टरला आमच्या मेसच्या काकांनी मला गाठलं. "अरे, तू केमिकलचा ना? मग सांग, या पानांत शुगरवर नक्की काय असतं?" काका रोज सकाळी चार पानं चावून खात होते आणि महिनाभरापूर्वी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या होत्या. "नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही." मी म्हटलं, "काका, दोन दिवस द्या, वाचून सांगतो." वाचलं तेव्हा कळलं की काकांचाच प्रश्न घेऊन सत्तर वर्षांपूर्वी कॅनडात काही मंडळी बसली होती.

१९५२ साली रॉबर्ट नोबल या कॅनडातल्या संशोधकाकडे जमैकाहून सदाफुलीची पानं आली. तिकडेही लोक मधुमेहावर तिचा चहा पीत. नोबलने उंदरांना काढा पाजला. साखर होती तिथेच. मग अर्क टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. साखर राहिली बाजूला, रक्तातल्या पांढऱ्या पेशीच कमी झाल्या होत्या! दुसरा कुणी असता तर प्रयोग फसला म्हणून फाइल बंद केली असती. नोबल आणि त्याचा रसायनशास्त्रज्ञ सहकारी चार्ल्स बिअर यांनी उलटा विचार केला. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशीच तर बेसुमार वाढतात. १९५८ पर्यंत त्यांनी त्यातला रेणू वेगळा काढला, तो व्हिनब्लास्टिन. पाठोपाठ एली लिली कंपनीच्या संशोधकांना व्हिनक्रिस्टिन मिळालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही दिलं जातं.

पेशी दुभंगताना आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात. हे रेणू त्या नळ्यांच्या विटांनाच चिकटतात, त्यामुळे सांगाडा उभाच राहत नाही. या दोन औषधांत फरक किती? एका नायट्रोजनवर एकाला मिथाइल गट आहे, दुसऱ्याला फॉर्मिल. बस्स. पण कुठल्या कॅन्सरवर कोणतं आणि मज्जातंतूंना त्रास किती, हे तेवढ्याने बदलतं. व्हिनक्रिस्टिन फक्त शिरेतून देतात. चुकून मणक्यातल्या द्रवात गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली खास इशारा काढला होता.

इंजिनिअरला आवडेल अशी गोष्ट पुढे आहे. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनला सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. यील्ड इतकं कमी का? कारण झाड त्याचे दोन कच्चे माल वेगवेगळ्या गोदामांत ठेवतं. कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात आणि व्हिंडोलिन आतल्या पेशींत. दोघांची गाठ क्वचित पडते. २०२२ साली डेन्मार्कमधल्या एका गटाने यीस्टमध्ये बरेच जनुक घालून हे दोन्ही कच्चे माल बनवून दाखवले आणि मग ते जोडून व्हिनब्लास्टिन तयार केलं. बिअर करणारं यीस्ट कॅन्सरचं औषध करायला लागलं!

काकांना मी सांगितलं, "चार पानांनी केमोथेरपी होणार नाही, घाबरू नका. पण त्यात किती काय आहे ते कुणी मोजलेलं नाही. आणि गोळ्या बंद ठेवल्यात तर साखर तुमचे डोळे आणि किडनी खाईल, ते मात्र मोजलेलं आहे." काका कुरकुरले, पण तपासणी करून आले. गोळ्या पुन्हा चालू आहेत. सदाफुली सोडली की नाही, ते विचारलं तर विषय बदलतात.

उरला धोतरा. महादेवाला प्रिय, आणि काही टवाळांनाही. त्यातलं हायोसायमिन, ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन हे ॲसिटिलकोलिनच्या निरोपाची जागा अडवतात. तोंड कोरडं, बाहुल्या विस्फारलेल्या, नाडी पळतेय, ताप, आणि समोर नसलेल्या माणसाशी गप्पा. भांगेत धोतऱ्याचं बी टाकणारे याला मजा म्हणतात. रात्रभर मित्राला खाटेला धरून ठेवावं लागलेल्यांना विचारा.

पण हेच ॲट्रोपिन विदर्भातल्या दवाखान्यांत जीव वाचवतं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं ॲसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम बंद पाडतात. मग निरोप थांबतच नाहीत. लाळ, घाम, फुफ्फुसात पाणी, मंद नाडी, म्हणजे धोतऱ्याच्या बरोबर उलटं चित्र. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून जास्त दगावले. अशा विषबाधेत डॉक्टर ॲट्रोपिन टोचतात, फुफ्फुसं ऐकतात, पुन्हा टोचतात. फुफ्फुसं कोरडी होईपर्यंत हे चालतं. स्कोपोलामिनची पट्टी प्रवासात गाडी लागू नये म्हणून कानामागे लावतात, हे घाटातून गावी जाणाऱ्यांसाठी जाता जाता.

रेक्टर सरांनी एक व्यावहारिक गोष्ट लिहायला सांगितली आहे. कुणी यातलं काही खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका, लिंबू-ताकही नको. गाडी काढा, थेट हॉस्पिटल गाठा आणि त्या झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत न्या. "काहीतरी जंगली खाल्लंय" म्हटलं तर डॉक्टरांचा वेळ ओळखण्यात जातो. कण्हेर दिसली तर ते आधी ईसीजी लावतात, धोतरा दिसला तर बाहुल्या बघतात.